आमचा जिल्हा लाल का?

आमचा भाचा पुण्यात नकाशे करतो. हे वाक्य गावाकडे उच्चारायची सोय राहिलेली नाही. ऐकणारा लगेच सावरून बसतो, इकडेतिकडे पाहतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "म्हणजे मोजणीला आहे का? आमचा जरा बांधाचा विषय होता." मग त्याला समजावून सांगावं लागतं की भाचा जमिनीचे नकाशे करत नाही, आकड्यांचे करतो आणि तेही इंटरनेटवर. कुठे किती पाऊस पडला, कुठे किती माणसं राहतात, कुठल्या तालुक्यात किती विहिरी आटल्या, असले आकडे घेऊन तो महाराष्ट्र रंगवतो. त्या नकाशावर माउस नेला की जिल्हा उजळतो, टिचकी मारली की चौकट उघडते, चिमटीने ताणला की मोठा होतो. एवढं सगळं शांतपणे ऐकून घेतल्यावर समोरचा म्हणतो, "ते कळलं. पण बांधाचं काही होईल का?"

त्याला हसायचं कारण नाही. समोर कसलाही नकाशा ठेवा, माणूस पहिल्यांदा स्वतःचं गाव शोधतो. विषय हिवतापाचा असो, मतदानाचा असो, नाहीतर बिबट्यांचा. ताणत ताणत तो राज्यातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून तालुक्यात, तालुक्यातून आळीत शिरतो आणि उपग्रहाचं चित्र असेल तर स्वतःच्या गच्चीवर जाऊन थांबतो. "ही निळी टाकी आमची!" ती टाकी तो रोज पाहतो, दर महिन्याला आत उतरून घासतो, पण वरून कुणीतरी तिची दखल घेतली याचा आनंद वेगळा. मग तो शेजारच्या गच्चीवर जातो आणि त्या गृहस्थाने पत्रा कुठवर पुढे आणलाय ते पाहून ठेवतो. बिबटे बाजूला राहतात. न्यू जर्सीत बसलेला मराठी माणूसही रात्री झोप येईना की हेच करतो, फक्त त्याची टाकी सांगलीत असते.

अख्खा नकाशा आपल्या समोर असतो असं आपल्याला वाटतं. भाचा म्हणतो, तसं काही नसतं, तो तुकड्यातुकड्यांनी येतो. एकेक तुकडा २५६ पिक्सेल लांब आणि तेवढाच रुंद. त्याला ही मंडळी टाइल म्हणतात. शून्य पायरीवर सगळी पृथ्वी एका टाइलमध्ये मावते. एक पायरी उतरलं की चार, मग सोळा, मग चौसष्ट. अठराव्या पायरीवर, म्हणजे साधारण निळ्या टाकीच्या उंचीवर, सगळ्या जगाच्या ६,८७१ कोटींहून जास्त टाइली होतात. त्यातल्या बहुतेक नुसत्या निळ्या, कारण पृथ्वीवर पाणी फार. २००५ मध्ये गूगलचा नकाशा आला त्याआधी नकाशा सरकवायचा म्हणजे कडेच्या बाणावर टिचकी मारायची आणि पुढचं चित्र येईपर्यंत चहा पिऊन यायचं. आता तो बोटाखाली सरकतो. गावाकडे रेंज नसली की मात्र टाइली एकेक करून उगवतात, आणि आधी नेमका शेजाऱ्याचा पत्रा येतो.

हा सगळा डोलारा ज्या पद्धतीवर उभा आहे ती मर्केटर नावाच्या गृहस्थांनी १५६९ मध्ये दर्यावर्दींसाठी काढली. जहाजाची दिशा कागदावर सरळ रेघेत धरता यावी म्हणून त्यांनी ध्रुवांकडचा भाग ताणून ठेवला. साडेचारशे वर्षांनी लोक त्याच ताणलेल्या नकाशावर वडापावची गाडी शोधतील, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. या ताणाताणीत ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. आपला भारतसुद्धा ग्रीनलंडच्या दीडपट आहे, हे नकाशा पाहून कुणाला पटायचं नाही. वेबवाल्यांनी वर आणखी एक केलं. टाइली नीट बसाव्यात, नकाशा चौरस व्हावा म्हणून त्यांनी उत्तरेला आणि दक्षिणेला ८५.०५ अंशांवर कात्री चालवली. त्यामुळे उत्तर ध्रुव या नकाशात नाहीच. पृथ्वी गोल की सपाट यावर माणूस शतकानुशतकं भांडला आणि शेवटी तिला चौरस करून मोकळा झाला.

पण खरी मौज आहे ती अक्षांश-रेखांशांत. शाळेत आपण अक्षांश आधी म्हणायला शिकलो. वेब-नकाशे करायला लीफलेट नावाची एक लाडकी सामग्री आहे, युक्रेनच्या व्लादिमिर अगाफोन्किन यांनी २०११ मध्ये लोकांपुढे ठेवलेली. तीसुद्धा अक्षांश आधी मागते. मात्र ही माहिती ज्या जिओजेसन नावाच्या साच्यात साठवतात, त्यात रेखांश आधी. दोघंही आपल्या जागी ठाम. मधल्या मध्ये अदलाबदल झाली तर संगणक कुरकुर करत नाही, सांगितल्या जागी निमूट ठिपका ठेवतो. नागपूर आहे २१.१५ उत्तर आणि ७९.०९ पूर्व. आकडे उलटे पडले की नागपूर उचललं जातं ते थेट स्वालबार्डच्या बेटांत, ध्रुवीय अस्वलांच्या शेजारी. मे महिन्यात कूलरला पाठ लावून बसलेल्या नागपूरकराला ही चूक वाटणार नाही, न्याय वाटेल. पुणे नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंड नावाच्या बेटाच्या थोडं खाली, समुद्रात पडतं. म्हणजे पुण्यात सगळं आहे, फक्त समुद्र नाही, ही एवढीशी उणीवही भरून निघते. मुंबई त्याच्या दक्षिणेला त्याच समुद्रात. दोघांतलं अंतर तिथेही शंभर-सव्वाशे किलोमीटरच भरतं आणि वाटेत बोरघाट नाही. एक्सप्रेस वेवर चार तास अडकलेल्या कुणालाही विचारा, त्याला हा नकाशा दुरुस्त व्हायला नको असेल.

ज्यांचे आकडेच रिकामे असतात, ते सगळे शून्य अक्षांश, शून्य रेखांशावर जमतात. ही जागा आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात आहे. तिथे जमिनीचा तुकडा नाही. हवापाण्याची नोंद घेणारा एक बोया नांगरून ठेवलेला होता, तेवढाच. नकाशेवाल्यांनी मात्र त्या जागेचं लाडाने नल आयलंड असं बारसं केलंय. जगभरातल्या अर्धवट भरलेल्या अर्जांची ही वसाहत. आपल्याकडच्या किती अंगणवाड्या आणि किती हातपंप तिथे नांदत असतील देव जाणे. बोया कुपोषित राहिलेला नसणार.

अमेरिकेत याहून वेगळी तऱ्हा झाली. इंटरनेटवरचा पत्ता पाहून माणूस कुठे बसलाय ते सांगणारी मॅक्समाइंड नावाची कंपनी आहे. माणूस अमेरिकेत आहे याहून जास्त काही कळत नसेल, तर ती देशाच्या मध्याजवळचा एक गोळाबेरीज आकडा देऊन टाकायची: ३८ अंश उत्तर, ९७ अंश पश्चिम. त्या जागी निघालं कॅन्ससमधलं एक शेतघर. साठ कोटींहून जास्त इंटरनेट-पत्ते त्या घराच्या अंगणात गोळा झाले होते. २०१६ मध्ये पत्रकारांनी हे प्रकरण उजेडात आणेपर्यंत वर्षानुवर्षं तिथे पोलीस येत होते, करवाले येत होते, पळून गेलेल्या मुलांना शोधणारे आणि फसवले गेलेले लोक दार वाजवत होते. घरातल्यांना कळेना, आपण नक्की केलंय काय. पुढे कंपनीने तो बिंदू उचलून एका तलावाच्या मधोमध नेऊन ठेवला. नकाशाशास्त्राच्या इतिहासात इतकी समंजस दुरुस्ती दुसरी झाली नसेल. माशांच्या दारात जप्ती घेऊन कोण जाणार?

आपल्याकडे नुसते ठिपके हरवत नाहीत, जिल्हेही हरवतात. कारण आकडे एका फाइलमध्ये असतात, जिल्ह्यांच्या सीमा दुसऱ्या फाइलमध्ये आणि दोघांची गाठ घालायची ती नावावरून. २०११ च्या जनगणनेने इंग्रजीत बीड लिहिलंय बी-आय-डी. सीमांच्या फाइलमध्ये ते असतं बी-ई-ई-डी. माणसाला कळतं, हे तेच बीड. संगणक म्हणतो, असा जिल्हा माझ्या पाहण्यात नाही, आणि बीड करडं करून सोडून देतो. बुलढाण्यात एक 'एच' कमी, गोंदियात एक 'वाय' जास्त. जनगणनेचं रायगड तर इंग्रजीत रायगढ झालंय आणि त्याच नावाचा एक जिल्हा छत्तीसगडमध्ये आहे. राज्याचं नाव तपासायला विसरलं की अलिबागच्या नारळी-पोफळी छत्तीसगडात डोलू लागतात आणि शिवरायांची राजधानी पोलादाच्या कारखान्यांशेजारी जाते. औरंगाबाद बिहारमध्येही आहे. आता आपलं छत्रपती संभाजीनगर झाल्यामुळे तो गोंधळ मिटायला हवा होता, पण जुने आकडे जुन्या नावाने, नवे नव्या नावाने, आणि सीमांची फाइल कुणीतरी मधल्याच वर्षी उतरवून घेतलेली. उस्मानाबादचं धाराशिव झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. नकाशा करणाऱ्याने एका कागदावर या सोयरिकी लिहून भिंतीला चिकटवल्या आहेत. यावर शहाणा इलाज आहे. नावं सोडून द्यायची आणि सरकारी क्रमांक वापरायचे. जनगणनेत पुण्याचा क्रमांक ५२१ आहे आणि कोल्हापूरचा ५३०. पण एखाद्या पुणेकराला ५२१ म्हणून हाक मारून पाहा.

पालघरचं दुखणं निराळं. तो जिल्हा ठाण्यातून फुटला १ ऑगस्ट २०१४ ला, आणि जनगणना झाली २०११ मध्ये. जनगणनेच्या फाइलमध्ये पस्तीस जिल्हे, सीमांच्या फाइलमध्ये छत्तीस. तेव्हा सगळा महाराष्ट्र रंगीबेरंगी आणि वायव्येच्या कोपऱ्यात पालघर कोरं. त्यावर माउस नेला की चौकट उघडते आणि आत इंग्रजीत लिहिलेलं असतं, 'अनडिफाइन्ड'. रोज सकाळी विरारहून लाखो माणसं चर्चगेटच्या गाडीत स्वतःला कोंबतात, आणि नकाशा म्हणतो, या भागाची व्याख्या झालेली नाही. विरारच्या फलाटावर उभं राहिलेल्याला हे वाक्य थोडंफार पटेलही.

सीमांची आणखी एक गंमत. कोकणचा किनारा काढायचा तर प्रत्येक खाडी, प्रत्येक सुळका आणि प्रत्येक खडक आला. एवढी फाइल फोनवर उघडायला गेलं तर फोन गरम होतो. म्हणून नकाशेवाले रेषा सोप्या करतात. त्यासाठी एक स्लायडर असतो. तो जसजसा सरकवावा तसतसे कानेकोपरे गळतात. दाभोळची खाडी बुजते. गोव्याला जेमतेम सहा-सात कोपरे उरतात. आणि ज्या जंजिऱ्याने महाराजांना दाद दिली नाही, संभाजीराजांना दिली नाही, पेशव्यांनाही दिली नाही, तो मुरूडसमोरचा अजिंक्य किल्ला भाच्याने एका बोटाने बुडवला. वर मला म्हणाला, "मामा, फाइल बघ किती हलकी झाली!"

रंगांपर्यंत आलो की आमचे साहेब आठवतात. मी ज्या कार्यालयातून निवृत्त झालो (नाव सांगत नाही, निवृत्तिवेतन तिथूनच येतं), तिथे आधी तक्ते चालायचे. तक्त्याचा मोठा गुण म्हणजे तो कुणी वाचत नसे. छत्तीस ओळी, चौदा रकाने, तळाशी सही, मग फाइल कपाटात. पुढे कुणीतरी साहेबांना दुसऱ्या राज्याचा रंगीत नकाशा दाखवला आणि आम्हालाही 'डॅशबोर्ड' करायचं ठरलं. पहिला नकाशा पडद्यावर आला तेव्हा साहेबांनी आकडा विचारला नाही, विषय विचारला नाही. त्यांनी विचारलं, "आपला जिल्हा लाल का?"

आम्ही सांगितलं, "साहेब, आकडाच तसा आहे."

"आकडा राहू द्या. लाल कमी करा."

हे करता येतं. मला वाटलं होतं, लाल म्हणजे लाल. पण रंगांचे गट पाडायच्या चार-पाच रीती आहेत आणि प्रत्येक रीतीत वेगळा महाराष्ट्र निघतो. लोकसंख्येच्या घनतेचंच घ्या. २०११ मध्ये मुंबई उपनगरात दर चौरस किलोमीटरला सुमारे एकवीस हजार माणसं, मुंबई शहरात साडेएकोणीस हजारांवर, ठाण्यात १,१५७ आणि गडचिरोलीत ७४. आता सारख्या अंतराचे पाच गट पाडा. दोन्ही मुंबया सगळ्यात गडद गटात जातात, मधले तीन गट रिकामे राहतात आणि उरलेले तेहेतीस जिल्हे सगळ्यात फिक्या गटात एका पंगतीला बसतात. डोंबिवलीच्या गाडीतली गर्दी आणि गडचिरोलीचं जंगल यांचा रंग एकच. हे बरं नाही वाटलं तर प्रत्येक गटात सारखेच जिल्हे घाला, सात-सात. मग घनतेच्या क्रमाने वरचे सात जिल्हे एका रंगात येतात आणि पाचशेच्या घरातलं कोल्हापूर वीस हजारांच्या मुंबईशेजारी तेवढंच गडद होऊन बसतं. आकडे तेच, दोन्ही नकाशे खरे. कोल्हापूरकराला मात्र दोन्ही मान्य नाहीत. त्याचं म्हणणं, आमचा रंगच वेगळा पाहिजे.

साहेबांच्या लाल-भयाला २०२० नंतर आणखी धार आली असणार. त्या वर्षी करोनाच्या साथीत ३० एप्रिलला केंद्राने देशाचे जिल्हे वाटून दिले होते: १३० लाल, २८४ नारिंगी, ३१९ हिरवे. तोवर आपला जिल्हा नकाशात नेमका कुठे हे ज्याला सांगता येत नव्हतं, तोही त्या दिवसापासून रंग तोंडपाठ म्हणू लागला. हिरव्या जिल्ह्यातले लोक लाल जिल्ह्यातल्या सख्ख्या नातेवाइकांना फोनवर विचारत, "तुमच्याकडे फार आहे म्हणे?" आणि त्यात काळजीच्या जोडीला थोडी ऐटही असे. घरोघरी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा तो काळा नकाशा उघडा असायचा. त्यावरचे लाल गोळे फुगत गेलेले आपण सगळ्यांनी पाहिले. गोळ्याचा आकार रुग्णांच्या संख्येवर, संख्या तपासण्यांवर, तपासण्या पैशावर, असल्या शंका कुणाला आल्या नाहीत. गोळा मोठा म्हणजे तिकडे जाऊ नये. जायचं कुठे होतं म्हणा, वाण्याच्या दुकानापलीकडे सोडत नव्हते.

नकाशात रंग कोण जास्त खातो, हाही प्रश्नच आहे. गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा, मुंबई शहर १५७ चा. पडद्यावर गडचिरोली मुंबईच्या नव्वदपटीहून मोठी दिसते आणि मुंबई शहर माउसच्या टोकाखाली झाकून जातं. माणसं मोजली तर मुंबई शहरात तीस लाखांवर, गडचिरोलीत पावणेअकरा लाखांच्या आत. म्हणजे जंगल रंगलं की राज्य रंगल्यासारखं वाटतं आणि तीस लाख माणसांचं जे काही व्हायचं ते एका टिकलीत होऊन जातं. उलट रंगांऐवजी ठिपके टाकले की कुठलाही नकाशा मुंबई-पुण्याचाच होतो. एटीएमचा काढा, डेंग्यूचा काढा, जिमचा काढा, तलाठ्यांवरच्या तक्रारींचा काढा. लाल धग त्याच दोन जागी. तो नकाशा 'इथे माणसं राहतात' एवढंच सांगत असतो, पण नवा विषय घातला की नवा शोध वाटतो आणि दुसऱ्या दिवशी मथळा येतो.

मथळ्यावरून रत्नागिरी आठवली. २०११ मध्ये तिथे हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या आणि मुंबई शहरात ८३२. स्त्री-पुरुष प्रमाणाचा नकाशा उघडला की रत्नागिरी अशी काही झळाळते की पाहणारा भारावून जातो. कोकणी माणूस किती पुढारलेला, लेकी किती लाडाच्या, यावर लगेच बोलायला सुरुवात. कोकणातल्या कुठल्याही म्हातारीला विचारलं असतं तर तिने चुलीपुढून न उठता सांगितलं असतं, "बाप्ये मुंबईस गेले." रत्नागिरीतले उणे पुरुष आणि मुंबईतले अधिक पुरुष बरेचसे तेच. गणपतीत नकाशा काढला तर तो पार बदलेल, पण जनगणनेचे लोक गणपतीत येत नाहीत.

या सगळ्याचे पूर्वज म्हणून ज्यांचा फोटो लावतात, त्या डॉक्टर जॉन स्नो यांच्याकडे झूम नव्हता. लंडनच्या सोहो भागात १८५४ मध्ये पटकीची साथ आली. त्यांनी मृत्यूंची घरं शोधली, प्रत्येक मृत्यूसाठी नकाशावर त्या घरापुढे एक काळी आडवी रेघ मारली आणि रेघा ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाभोवती दाटल्या. जवळच्या दारूभट्टीतले कामगार मात्र वाचले. ते पाण्याच्या वाटेला जात नव्हते, बिअर पीत होते. (ही गोष्ट काही लोकांना फार लवकर पाठ होते.) ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. खरं सांगायचं तर साथ तोवर ओसरू लागली होती आणि तो प्रसिद्ध नकाशा नंतर तयार झाला, पण फोटोखाली एवढं लिहायला जागा नसते. माझ्या मनात येतं, स्नोसाहेब आज असते तर त्या शेकडो रेघा लीफलेटच्या एखाद्या पुरवणीने आपणहून एका नारिंगी गोळ्यात गोळा केल्या असत्या आणि गोळ्यावर नुसता मोठा आकडा लिहिला असता. पंप गोळ्याखाली. वर एक पट्टी आली असती, 'कुकीज स्वीकारा'. ती स्वीकारेपर्यंत सोहोत कोण उरलं असतं?

रस्ते लाल करणाऱ्या थेट नकाशाचीही एका कलाकाराने बर्लिनमध्ये छान जिरवली. सायमन वेकर्ट त्यांचं नाव. २०२० मध्ये त्यांनी ९९ जुने फोन एका लहानशा हातगाडीत भरले, सगळ्यांवर नकाशा चालू ठेवला आणि मोकळ्या रस्त्यावरून गाडी ओढत सावकाश चालत निघाले. नकाशाला वाटलं, ९९ गाड्या अडकल्या. रस्ता पडद्यावर लाल झाला. लाल रस्ता पाहून पुढचे लोक दुसरीकडे वळले असणार आणि रस्ता आणखी मोकळा झाला असणार. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर हा प्रयोग करून उपयोग नाही. तिथे लाल आधीच असतो आणि हातगाडीला वाट मिळत नाही.

फोनवर हे नकाशे पाहणं हा एक वेगळाच व्यायाम. माउस नेला की जिल्हा उजळतो, असं लिहिलेलं असतं. फोनला माउस नसतो. सूची म्हणून जी रंगांची पट्टी देतात, ती नेमकी विदर्भावर येऊन बसते. विदर्भावर अन्याय होतो तो असाही. आमच्या आत्याला भाच्याने मोठ्या हौसेने लेखाची लिंक पाठवली होती, मध्ये नकाशा होता. ती लेख वाचत वाचत खाली आली, पान सरकवायला बोट लावलं तर पानाऐवजी नकाशा सरकला. तिने पुन्हा सरकवलं. थोड्या वेळाने तिचा फोन आला, "अरे, मी मादागास्करला आलेय. आता परत कशी येऊ?" भाच्याने सांगितलं, दोन बोटं लाव. तिने दोन बोटं लावली आणि पृथ्वी लहान होत होत तीनदा दिसू लागली. एकापुढे एक तीन भारत, तिन्हींत महाराष्ट्र. आत्या म्हणाली, "यातला आपला कुठला?"

आमच्या कार्यालयाचा डॅशबोर्ड शेवटी झाला. लाल बरंच कमी झालं होतं, लालच्या जागी सौम्य नारिंगी आला होता आणि साहेब प्रसन्न होते. उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांनी कळ दाबली आणि नेट गेलं. करड्या पडद्यावर एक चाक फिरत राहिलं. पाहुण्यांनी तेवढ्यावरही टाळ्या घेतल्या. पुन्हा अशी वेळ नको म्हणून साहेबांनी त्याच आठवड्यात हुकूम सोडला, याचा फ्लेक्स करून घ्या. सहा फूट बाय आठ फूट. पडद्याचा फोटो काढून छापखान्यात पाठवला गेला. फोटो काढताना माउस रत्नागिरीवर राहिला होता, म्हणून रत्नागिरीची चौकट कायमची उघडी छापली गेली. कोपऱ्यात अधिक-उणेची बटणंही आली. कामासाठी येणारे लोक बाकावर बसून कंटाळले की उठून अधिकचं बटण दाबून पाहतात. त्या जागी फ्लेक्स आता काळपट झालाय.

पालघर कोरंच होतं. पेन्शनच्या कागदासाठी मध्यंतरी गेलो तर ते हिरवं झालेलं दिसलं, जरा उभ्या-आडव्या रेघांचं. मी शिपायाला विचारलं, नवा आकडा आला का.

"आकडा नाय आला," तो म्हणाला, "पण भिंतीवर भोक पडल्यासारखं दिसायचं. स्केचपेन होतं घरी पोरीचं."